चौकी नंबर सहा, भरवसा शून्य

सोमवार, ३ फेब्रुवारी १९६४. लोहारा.

पोचलो एकदाचा! अमरावतीहून नेरमार्गे मोटारीने निघालो, वाटेत टायर बसला, दीड तास बाभळीखाली बसून राहिलो. पण मन इतकं खुशीत होतं की ड्रायव्हरला एक शिवी दिली नाही. एरवी मी काय चीज आहे ते सुनीतीला विचारा. उलट तिने बांधून दिलेल्या धपाट्यांतले दोन त्यालाच दिले.

यवतमाळ सोडून लोहाऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला कापसाच्या एका बंद जिनिंगची लांबलचक शेड लागते. तेच आमचं केंद्र. बाहेर पाटी शेतकी आकडेवारीची, आत काम लष्कराचं. चीनच्या लढाईनंतर सगळ्यांनाच जाग आलीय. आमचे प्रमुख श्रीकृष्णराव घाटे परदेशात गणित शिकून आलेत. बोलताना चष्मा काढून हातात धरतात आणि समोरच्याकडे न बघता बोलतात. मला त्यांनी तासभर समजावलं. लढाईत दहा ठिकाणांहून दहा बातम्या येतात. कोणी म्हणतो माळावर माणसं आहेत, कोणी म्हणतो चिटपाखरू नाही. तोफवाल्या अधिकाऱ्याने ऐकायचं कोणाचं? तो बिचारा ओळखीच्याचं ऐकतो, नाही तर जो मोठ्याने ओरडतो त्याचं. म्हणून कोणाचं ऐकायचं हे यंत्राने ठरवायचं, आणि तेही यंत्राने आपलं आपण शिकायचं.

यंत्र पाहून मी चक्क हात जोडले. माणसापेक्षा उंच चार लोखंडी कपाटं, आत शेकडो काचेचे दिवे, आणि दर्शनी फळीवर रेडिओला असतात तशी आठ बटणं. देखभालीला मोहिउद्दीन मिस्त्री आहेत. आधी जिनिंगचं इंजिन सांभाळत, यवतमाळात रेडिओ दुरुस्तीचं दुकानही होतं. यंत्राला ते ‘मोठी बेगम’ म्हणतात. मला म्हणाले, बाबूसाहेब, बेगमले गरमी सोसत नाई, दार उघडं ठेवत जा.

माझी नेमणूक हंगामी. १५ एप्रिलला दिल्लीचे अधिकारी येऊन परीक्षा घेणार. यंत्र पास झालं की मी कायम, आणि मागच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर. सुनीतीला पाचवा महिना आहे. भावाकडे राहून वहिनीचे टोमणे ऐकतेय बिचारी. एप्रिलअखेर तिला इथे आणायची म्हणजे आणायचीच.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

काम समजलं. नीट लिहून ठेवतो, नाही तर उद्या कोणी विचारलं तर त त प प व्हायचं.

केळापूरच्या पुढे एक मोठा ओसाड माळ सरकारने तोफांच्या सरावासाठी घेतलाय. त्याच्या भोवती टेकाडांवर आठ चौक्या. प्रत्येक चौकीत एक पाहणारा, एक दुर्बीण, एक टेलिफोन. लष्कर कधी माळावर शिपाई सोडतं, कधी माळ रिकामा ठेवतं. आठही जण फोनवर आकडा सांगतात, मी तो यंत्रात भरतो. मग यंत्राचा दिवा लागतो. लाल म्हणजे माणसं आहेत. हिरवा म्हणजे माळ मोकळा, खुशाल तोफा डागा.

आणि आता खरी गंमत. प्रत्येक चौकीचं एक बटण, शून्यापासून दहापर्यंत. तो त्या चौकीचा भरवसा. सगळी बटणं पाचावर सुरू झाली. दिवसाच्या शेवटी मी लष्कराच्या कार्यक्रमावरून खरी यादी करतो, म्हणजे आज माळावर किती माणसं सोडली होती ती. ज्याचा आकडा बरोबर त्याचं बटण एक घर वर, ज्याचा चुकला त्याचं एक घर खाली. पुढच्या वेळी यंत्र भरवशाच्या माणसाचं जास्त ऐकतं. बस्स, एवढंच! माणसाला जे आयुष्यभर जमत नाही ते ही चार कपाटं तीन महिन्यांत शिकणार.

कटकटी आहेत. टेलिफोनची तार रोज कुठे तरी तुटते. खुर्चीचा एक पाय आखूड. चहावाला सकाळी जो येतो तो दुपारी गायब. मी मिस्त्रींना म्हटलं, देशाचं संरक्षण करायला निघालोय आणि कपभर चहा मिळत नाही. ते हसून म्हणाले, बेगमलेच सांगा.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

डोकं उठलंय. चौकी नंबर सहा!

तिथे गुलाबसिंग राठोड नावाचा माणूस आहे, फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. जंगलखात्यात पंधरा वर्षं गार्ड होता, नजर घारीसारखी, असं घाटेसाहेबच सांगत होते. म्हणून तर घेतला. पण त्याचा आकडा एक दिवस जुळेल तर शपथ. काल माळ रिकामा, बाकी सातही जण शून्य म्हणतात, आणि हा पठ्ठ्या म्हणतो नऊ. आज शिपाई सहा, सगळे सहा म्हणतात, हा म्हणतो सतरा. यंत्राचा निकाल त्याच्यापायी तीनदा चुकला. साहेब माझ्यावर उखडले, जणू मीच टेकाडावर बसलोय.

शेवटी फोनवर झापला त्याला. दारू पिऊन बसतोस का, असंही विचारलं. तो म्हणे, साहेब, नाल्याच्या काठी मोहाची झाडं हायेत, तिथं पोडावरच्या, कोलामाच्या वस्तीतल्या बाया येतात, ढोरं चारणारे येतात. बाकीच्या चौक्यांवरून नाला दिसत नाई, मले दिसते. मी मानसं मोजून राह्यलो, वर्दी नाई मोजून राह्यलो.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, कार्यक्रमात नाहीत ती माणसं यादीत कशी येतील? सरकारी हद्दीत त्यांना यायची मनाई आहे. म्हणजे नियमाने ती तिथे नाहीत. यादी कार्यक्रमावरूनच करायची.

तर मी तशीच केली. गुलाबसिंग चूक. बटण दोनवर. त्याला निरोप दिला की बाबा रे, फक्त वर्दीवाले मोज, तुझंही भलं आणि माझंही. म्हणे, मंग खोटं सांगू काय? आता याला काय म्हणावं! मला एवढा राग आला की फोन आपटला. घारीसारखी नजर काय चाटायचीय?

सोमवार, २ मार्च.

गेल्या बुधवारी सहा नंबरचं बटण शून्यावर आलं. मीच फिरवलं. खट्‌ असा बारीक आवाज झाला, बाकीच्यांचा होत नाही तसा. मिस्त्रींनी मान वर करून पाहिलं.

आणि काय सांगू, त्यानंतरच्या पाचही चाचण्या बरोबर! लाल तिथे लाल, हिरवा तिथे हिरवा. साहेबांनी पेढे मागवले. दिल्लीला तार केली. मला म्हणाले, पांढरीपांडे, क्वार्टरला चुना मारून घ्यायला सांगतो. महिनाभरात पहिल्यांदा नावाने हाक मारली.

साहेबांनी आणखी एक सुधारणा केलीय. प्रत्येक बटणामागे छोटी मोटर बसवलीय. आता हाताने फिरवायचं नाही. खरी यादी भरली की बटणं आपली आपण फिरतात. बरं झालं, एक काम कमी.

मनात कुठे तरी खुटखुट आहे, नाही असं नाही. पण मी नियम केले नाहीत.

शुक्रवार, ६ मार्च.

आज गुलाबसिंग स्वतः आला. केळापूरहून मोटारीने, दुपारी दीडच्या सुमारास. उंच, पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. पंधरा-वीस मिनिटं बोलला असेल. हातवारे करत होता. एकदा टेबलावर मूठ आपटली, दौत हलली. डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवत होतो. मग तो गेला.

तो गेल्यावर त्याची तक्रार लिहून ठेवावी म्हणून रजिस्टर उघडलं. एक शब्द आठवेना.

एकही नाही. तो काय म्हणाला, कोणत्या भाषेत म्हणाला, काही नाही. ओठ हलताना दिसतात, मिशा दिसतात, आवाज नाही. मी तर जागा होतो! शेजारी मिस्त्री होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, कोनी आलतं का?

उष्णता असेल. आत्तापासूनच पत्रे तापायला लागलेत.

बुधवार, ११ मार्च.

गुलाबसिंगची बायको हंसाबाई आली होती. तिचं बोलणं नीट आठवतं, म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.

ती म्हणाली, दादा, माह्या घरच्याले काय केलं तुमी? तो बोलते अन्‌ कोनालेच ऐकू येत नाई. तांड्यावर पंचायतीत उभा राह्यला, कोनी मान वर केली नाई. दुकानात उभा राह्यते, दुकानदार मागच्याले माल देते. मी त्याची बायको, मलेबी आता नुसते ओठ दिसतात, आन्‌ परवापासून तर कधी कधी तो समोर बसला असते न्‌ मी त्यालेच शोधत फिरतो. हे सांगताना ती रडत नव्हती, चिडली होती. तिला कोणी तरी सांगितलंय की लोहाऱ्याला एक बटण आहे.

हसण्यावारी न्यायला गेलो, हसू आलं नाही. ती गेल्यावर सरळ उठून फळीपाशी गेलो, सहा नंबरचं बटण धरलं आणि पाचावर नेलं. हात सोडला. बटण सावकाश परत शून्यावर आलं. पुन्हा नेलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबून धरलं तेव्हा मागची मोटर अशी कण्हायला लागली की मिस्त्री धावत आले. म्हणाले, बाबूसाहेब, कायले छेडता? बेगम शिकलेलं विसरत नाई.

साहेबांनी झाडलंच. यंत्राच्या शिक्षणात ढवळाढवळ केली म्हणून लेखी खुलासा मागितलाय. मी हंसाबाईचं सांगितलं तर म्हणे, हे सांख्यिकी आहे की भगताचा मठ?

मंगळवार, १७ मार्च. केळापूर.

शिक्षा मिळाली. सहा नंबरचा माणूस आठ दिवस चौकीवर नाही म्हणे, म्हणून परीक्षेपर्यंत त्याच्या जागी मी! गणितात एम.ए. झालेला माणूस टेकाडावर दुर्बीण घेऊन बसणार. च्यायला! साहेब म्हणाले, तुम्हाला नियम माहीत आहेत, तुमचा आकडा कधी चुकणार नाही. फळीवर जुन्या नावाच्या खाली माझ्या नावाची पट्टी लावली आणि माझ्यासाठी नववं बटण नवं बसवलं. भरवसा पाच.

चौकी म्हणजे चार बांबू आणि वर गवत. खाली माळ भट्टीसारखा तापलेला. सुनीतीला पत्र टाकलं, हवापालट म्हणून लिहिलं.

सोमवार, २३ मार्च.

त्या नाल्याकाठी खरंच माणसं असतात.

सात-आठ मोहाची झाडं आहेत. पहाटे पडलेली फुलं वेचायला उन्हं चढेपर्यंत पोडावरच्या बाया असतात. आज अकरा होत्या. मुख्य एक म्हातारी, रुपीबाई, गुडघ्यांनी अधू. बसल्या बसल्या सरकत वेचते आणि बाकीच्यांवर डाफरते. मी खाली जाऊन सांगितलं की बाई, पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला सकाळी आठला इथे तोफगोळे पडणार, येऊ नका. ती हसली. म्हणे, तीन सालं झाले ऐकून राह्यलो, सरकारचा गोळा कधी येते न्‌ कधी नाई, मोहफूल तं आजच पडते.

दहाच्या चाचणीला माळ रिकामा ठेवला होता. मिस्त्रींनी फोनवर आकडा विचारला. शून्य म्हणायचं होतं मला, अगदी जिभेवर होतं. क्वार्टरचा चुना आठवला, सुनीती आठवली. आणि खाली ती म्हातारी सरकत होती. मी म्हटलं, अकरा.

चुकलं. बटण चारवर.

शनिवार, २८ मार्च.

बटण दोनवर. चाचणी असली की तेच. माणसं दिसतात, माणसं सांगतो, चूक ठरतो. ज्या यादीने मी चूक ठरतो ती यादी कार्यक्रमावरून मीच तर करत आलो!

साहेबांना फोन केला. म्हटलं, परीक्षेत खऱ्या तोफा आहेत, निदान त्या दिवशी माळाभोवती पहारा लावा, लाल निशाणं लावा. ते म्हणाले, पहारा लावला तर दिल्लीवाले म्हणतील तुमचाच यंत्रावर विश्वास नाही. मग मध्येच, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, मिस्त्रींना विचारताना ऐकू आले की लाईनवर कोणी आहे का?

दुपारी नेम जुळवायला तीन गोळे टाकले. दिवा हिरवा होता. रुपीबाईची शेळी गेली. बाया तेव्हा घरी गेल्या होत्या म्हणून. रविवार-सोमवार येणार नाहीत, मग पुन्हा येतील. फुलं थांबत नाहीत.

बुधवार, १ एप्रिल.

सुनीतीचं पत्र आलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवत नाही.

अहो, अशी काय थट्टा मांडलीय, असं लिहिलंय. हवापालटाच्या पत्रानंतर चार पाकिटं आली, चारही वेळा आत कोरा कागद. वहिनी हसतात. राग आला असेल तर तसं लिहा, पण काही तरी लिहा. बाळ आता पोटात लाथा मारतं.

चारही पत्रं मी पाठपोट लिहिली होती. शेवटच्यात तर समासातही.

ही वहीही मग—

नाही. मला दिसतंय. शाई ओली आहे, बोटाला लागते.

रविवार, ५ एप्रिल. लोहारा.

रजा न घेता आलो. शेडचं दार उघडं होतं. समोर उभा राहून साहेबांना सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मिस्त्रींना म्हणाले, पांढरीपांडेंचा काही पत्ता? मिस्त्री म्हणाले, नाई साहेब, त्याइची तं काहीच खबर नाई. मी मिस्त्रींचा हात धरला. त्यांनी तो खाजवला.

माझं बटण. एकवर.

लोखंडी पाना घेतला आणि फळीवर घातला, काच फुटेल एवढ्या जोराने. आवाजच झाला नाही. साधा ओरखडा नाही. एक दिवा जरा मोठा झाला, इतकंच, आणि बटण—

खट्‌.

गुरुवार, ९ एप्रिल. केळापूर.

परत टेकाडावर. दुसरीकडे जाऊ कुठे? अमरावतीला गेलो तर सुनीती माझ्याकडे बघून दार लावून घेईल. ते मला बघायचं नाही.

मोटारीत माझ्या मांडीवर एक जण येऊन बसला.

नाल्याकडे गेलो. रुपीबाईच्या कानाशी तोंड नेऊन किंचाळलो. तिने माशी हाकलावी तसा हात हलवला. फुलं वेचत राहिली. बारा बाया आज. बारा! आणि सहा दिवस उरलेत.

मागून कोणी तरी म्हणालं, साहेब, मी महिनाभरापासून हेच करून राह्यलो.

गुलाबसिंग.

शब्द ऐकू आले! एकेक शब्द. पागोटं मळलेलं, गाल बसलेले. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो, लाजही वाटली नाही. ज्याला मी दारुड्या म्हटलं, ज्याचं बटण या हाताने— त्यानेच माझी पाठ थोपटली. म्हणे, रडू नका, रडलेलंबी कोनाले ऐकू येत नाई, कायले ताकद घालवता.

शनिवार, ११ एप्रिल.

शेकडो उपाय केले. दगड लावले वाटेवर. बाया ओलांडून गेल्या. काठीने जमिनीवर लिहिलं, वाचता येणारं कोणी नाही. गुलाबसिंग केळापुरात पोलिसाच्या टेबलावर उभा राहिला, पोलीस डबा खात होता.

संतापाने कपाळ फुटतंय. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं यंत्र, आणि बारा बाया दिसत नाहीत! दिसत नाहीत असं मी ठरवलं. मी. यादी मी—

सोमवार, १३ एप्रिल.

एक गोष्ट कळली. आम्ही दिसत नाही, पण आम्ही उचललेली टोपली दिसते. गुलाबसिंगने एका बाईची टोपली उचलून दहा पावलं नेली. ती किंचाळत पळाली. भूत, भूत! दोघी तिच्यामागे पळाल्या.

बुधवारी सकाळी सातला. दोघं मिळून. सगळ्या टोपल्या. पळाल्या तर वाचतील.

आता भूत तर भूत.

बुधवार, १५ एप्रिल. सकाळी.

७.१०. बारा जणी आल्या. परवाचं भूत घालवायला कोंबडी घेऊन आल्यात. देवा.

७.२५. सुरू केलं. मी चार टोपल्या फेकल्या, गुलाबसिंगने पाच. किंकाळ्या. पळाल्या! लुगडी सावरत पळाल्या, चपला तिथेच. टेकाडावर येऊन मोजलं. नाल्यापलीकडे अकरा. पुन्हा मोजलं. अकरा.

७.३५. दुर्बिणीतून रुपीबाई दिसतेय. पळता येत नाही. झाडाला टेकून बसलीय, हात जोडलेत. कोंबडी समोर सोडून दिलीय. गुलाबसिंग तिला उचलायला गेला. तिला वाटतंय भूतच ओढतंय, झाडाच्या मुळीला घट्ट धरून बसलीय. त्याच्या एकट्याने होत नाही. म्हातारा तोही.

७.४२. मी फोनजवळच थांबलोय, आता आकडे विचारतील. शेवटचा एकदा. तिकडे लोहाऱ्याला दिल्लीची माणसं बसली असतील, चहा मिळाला असेल त्यांना.

७.४५. मिस्त्रींनी सगळ्या चौक्या घेतल्या. एक, शून्य. दोन, शून्य. आज शिपाई सोडलेले नाहीत. सहा नंबर विचारला. मी सांगितलं, माणसं आहेत मिस्त्री, दोन माणसं आहेत, तुमच्या बेगमला सांगा, चाचा, पाया पडतो.

ते तिकडे कोणाला तरी म्हणाले, सहा नंबर, जवाब नाई. मग साहेबांचा आवाज, खुशीतला. हिरवा.

टाळ्या ऐकू आल्या.

७.५०. ती अजून धरून बसलीय. गुलाबसिंग माझ्याकडे बघून हात हलवतोय. या म्हणतोय की पळा म्हणतोय कळत नाही. दोघांनी ओढली तर सुटेल हात. उतरायला सहा मिनिटं. परत चढायला—

नाही चढायला मिळणार.

सुनीती, हे तुला कोरं दिसलं तरी बाळाला सांग की मी—

वही इथे फोनखाली ठेवतो. कोणी तरी कधी तरी खरी यादी करेल, त्याच्यासाठी लिहितो. कार्यक्रमावरून करू नका. १५ एप्रिल, सकाळी आठ, माळावर माणसं तीन. नावं घ्या.

एक, रुपीबाई.

दोन, गुलाबसिंग राठोड.

तीन,